घड्याळाचे तेलपाणी

वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, राजकारण, तत्त्वज्ञान अशा विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची आपणांस सवय आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही परंपरा घालून दिली, तेव्हापासून गावोगावचे श्रोते उन्हाळ्याच्या संध्याकाळी असे एकत्र जमत आले आहेत. त्या पंक्तीत ‘घड्याळाचे तेलपाणी’ हा विषय म्हणजे पक्वान्नाच्या ताटातल्या चिमूटभर मिठासारखा वाटेल. पण मीठ कोठे वाढावे आणि किती वाढावे यालाही आपल्याकडे रीत आहे. पानाच्या माथ्यावर, आणि चिमूटभरच. आजचा आमचा विषय नेमका हाच आहे. घड्याळात तेल घालावे की नाही, हा वादाचा मुद्दाच नव्हे. ते किती घालावे, कोठे घालावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोठे घालू नये, एवढेच आज सांगावयाचे आहे.

गुलमंडीपासून सिडकोपर्यंत आपल्या या शहरात असे घर विरळा, की ज्याच्या कपाटातल्या एखाद्या डब्यात बंद पडलेले किल्लीचे घड्याळ नाही. कोणाला ते लग्नात सासऱ्यांनी दिलेले असते, कोणाच्या वडिलांना नोकरीतून निवृत्त होताना मिळालेले असते. त्यांतली कित्येक एच. एम. टी. ची असतात. बंगलोरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली मनगटी घड्याळांचा कारखाना उभारला. तोपर्यंत मनगटी घड्याळ म्हणजे बहुधा परदेशी माल, आणि त्यामुळे सुखवस्तू माणसाची चीज. एच. एम. टी. ने ते शिक्षकाच्या, कारकुनाच्या आणि एस. टी. च्या कंडक्टरच्या मनगटावर आणले. ‘जनता’ नावाचे त्यांचे किल्लीचे घड्याळ तर नावाप्रमाणेच जनतेचे झाले. काही तबकड्यांवर ते नाव देवनागरीतही छापलेले असे.

असेच एक ‘जनता’ आमच्या वडिलांच्या मनगटावर होते. वडील गेल्यानंतर ते बरीच वर्षे डब्यात पडून राहिले. एके दिवशी सहज किल्ली दिली, तर घड्याळ दोन-चार ठोके देऊन थांबले. आम्ही मनाशी म्हटले, सुकले असेल, जरा तेल हवे. घरात शिवणयंत्राच्या तेलाची कुपी होती. मागचे झाकण उघडून आम्ही तिच्यातला एक थेंब, फक्त एकच थेंब, आत सोडला. आणि काय चमत्कार! घड्याळ चालू लागले. आम्हांला आमच्या हुशारीचे मोठे कौतुक वाटले. ते दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी घड्याळ तासाला वीस-वीस मिनिटे पुढे धावू लागले. आठवड्याने थांबले, ते थांबलेच.

शेवटी जुन्या शहरातल्या एका वयस्कर घड्याळज्याकडे ते नेले. सारे त्यांना चाचा म्हणत, आम्हीही म्हणालो, “चाचा, वडिलांचे घड्याळ आहे, पाहता का?” त्यांनी डोळ्याला भिंग लावले, झाकण काढले आणि क्षणभर आत पाहून विचारले, “साहेब, तेल कोणी टाकले?” आम्ही खाली मान घालून गुन्हा कबूल केला. ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, की तेल वाईट नव्हते साहेब, पण ते घड्याळाला पाजायचे नसते, लावायचे असते. त्या दिवशी त्यांनी भिंगातून आम्हांला जे दाखविले आणि पुढे आम्ही जे वाचले, त्याचाच सारांश आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

आमची चूक कोठे झाली? ती वंगणाविषयीच्या आमच्या कल्पनेत झाली. वंगण ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बैलगाडीच्या आखाला वंगण द्यावयाचे, सायकलच्या साखळीला तेल सोडावयाचे, दाराच्या बिजागऱ्या कुरकुरल्या की खोबरेल लावावयाचे, हे सगळे आपण लहानपणापासून पाहत आलो. या सर्व ठिकाणी एकच नियम चालतो: कुरकुरले की तेल घाला, आणि चार थेंब जास्त पडले तरी बिघडत नाही. गाडीच्या आखातले जादा वंगण रस्त्यावर गळते, साखळीवरचे जादा तेल फार तर धोतराला लागते. यंत्र मोठे, त्याची ताकदही मोठी. जादा तेलाचा अडथळा त्याला जाणवतसुद्धा नाही. आपल्या पाणचक्कीचेच पाहा. दूरच्या डोंगरपायथ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जाते फिरविले. एवढ्या जोरापुढे थेंबभर तेलाची काय मातब्बरी!

मनगटी घड्याळाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथे सगळी ताकद डबीत गुंडाळलेल्या एका पातळ पोलादी पट्टीची, म्हणजे मुख्य कमानीची. सकाळी आपण दोन बोटांनी जी किल्ली देतो, तेवढ्याच शक्तीवर घड्याळाला दिवसभर आणि रात्रभर चालावयाचे असते. ही शक्ती चाकामागून चाकाकडे जाताना तिचा वेग वाढतो आणि जोर कमी होतो. कमानीची डबी साधारण सहा-सात तासांत एक फेरा करते. मधले चाक तासाला एक फेरा करते, चौथे चाक मिनिटाला एक. त्यापुढचे पंधरा दात्यांचे एस्केप चाक मिनिटाला दहा फेरे घेते. त्याच्या दात्यांच्या धक्क्यांनी पॅलेट नावाचा चिमुकला काटा डावी-उजवीकडे हलतो आणि बॅलन्सला, म्हणजे मागे-पुढे झोके घेणाऱ्या चाकाला, एकेक टिचकी देतो. आपण ऐकतो ती टिकटिक हीच.

पुष्कळशा जुन्या घड्याळांत हे ठोके तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला पाच पडतात. दिवसाचे ४ लाख ३२ हजार; वर्षाचे १५ कोटी ७६ लाख ८० हजार. आणि ज्या आसावर हा बॅलन्स फिरतो त्या आसाच्या टोकाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे आपल्या डोक्याच्या एखाद्या जाड केसाएवढी! आता विचार करा, केसाएवढ्या आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब म्हणजे काय? माणसाच्या मानाने ती विहीरच म्हणावयाची. आम्ही वडिलांच्या घड्याळाला तेल घातले नव्हते, त्याला विहिरीत ढकलले होते.

तबकडीवर ‘१७ ज्युवेल्स’ असे छापलेले आपण वाचतो, आणि घड्याळात सतरा हिरे आहेत अशी काहींची समजूत असते. ते हिरे नव्हेत, कृत्रिम माणके होत. आस पितळेच्या भोकात फिरला तर भोक झिजून लांबोळे होते. म्हणून अतिशय कठीण अशा खड्याला भोक पाडून त्यात आस बसवावयाचा, ही युक्ती. फातिओ द द्युइलिये नावाच्या एका स्विस गणितज्ञाने दोन साथीदारांसह १७०४ साली लंडनमध्ये या कृतीचे एकस्व मिळविले. पुढे फ्रान्समध्ये ऑग्युस्त व्हर्नय याने भट्टीत माणके तयार करण्याची रीत १९०२ साली प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे खडे स्वस्त झाले. सतरांचा हिशेब सोपा आहे. मधले चाक, तिसरे चाक, चौथे चाक, एस्केप चाक आणि पॅलेटचा आस, या पाचांना दोन्ही टोकांशी एकेक, असे दहा; पॅलेटच्या दोन नखांचे दोन; बॅलन्सच्या आसाला दोन्ही टोकांशी दोन-दोन, असे चार; आणि बॅलन्सखालची टिचकी खाणारी एक बारीक खुंटी. झाले सतरा.

आता या खड्याकडे भिंगातून नीट पाहा. त्याच्या भोकाभोवती बशीसारखा एक गोल खळगा कोरलेला दिसतो. हाच घड्याळाचा तेलसाठा. हा एवढासा खळगा वर्षानुवर्षे तेल धरून कसा ठेवतो? घड्याळ मनगटावर उलटे होते, उभे होते, झटके खाते, तरी तेल सांडत कसे नाही?

याचे उत्तर दिव्याच्या वातीत आहे. समईतले तेल वातीतून आपोआप वर चढते, ते कोणी चढवीत नाही. द्रवपदार्थाचा धर्मच असा, की जेथे फट अरुंद तेथे तो ओढला जातो आणि तेथेच धरून राहतो. आस आणि खड्याचे भोक यांच्यातली फट अत्यंत अरुंद. खळगा भोकाकडे निमुळता होत गेलेला आणि कडेकडे पसरट. म्हणून तेल कडेकडे न जाता आसाकडे ओढलेले राहते. जसजसे थोडे खर्ची पडते, तसतसे खळग्यातले तेल पुढे सरकून त्याची जागा घेते. खळगा अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत भरलेला असला, म्हणजे ही व्यवस्था उत्तम चालते.

पण कारागिराने उदार हाताने खळगा काठोकाठ भरला, तर काय होईल? तेल काठ ओलांडून बाहेरच्या सपाट पितळेवर उतरते. शेजारी एखादी फट, एखाद्या स्क्रूचा घेर, दोन पत्र्यांची जोड असतेच. त्या अरुंद जागा वातीप्रमाणे तेल ओढू लागतात. आणि ओढताना त्या केवळ जादा तेल ओढीत नाहीत. ओघ एकदा सुरू झाला, की आसापाशी असावयाचे कामाचे तेलही त्याच्याबरोबर निघून जाते. श्रोतेहो, आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल, तर ही ठेवा: घड्याळात जादा तेल घातल्याने ते जादा दिवस टिकत नाही; जादा तेल जाताना पुरेशा तेलालाही घेऊन जाते, आणि आस कोरडा पडतो. तेल जास्त झाल्यामुळे घड्याळ कोरडे पडावे, ही गोष्ट विचित्र खरी, पण भिंगाखाली ती डोळ्यांना दिसते.

तेल जागच्या जागी राहावयाचे, तर ती जागा स्वच्छ हवी, ही दुसरी अट. म्हणून धुण्यावाचून तेल नाही. जुन्या तेलाचा चिकट थर, बोटांची चरबी, साबणाचा अंश, यांपैकी काहीही उरले तर नवे तेल गोळा होऊन न बसता पसरते. प्रथम कमानीचा ताण अलगद सोडवावा लागतो. नाहीतर पॅलेट काढताच सारी चाके भन्नाट फिरतात आणि एखादा आस मोडतो. मग भाग सुटे करून बेंझिनसारख्या द्रवात वा धुण्याच्या खास द्रावणात धुतात, ब्रश फिरवितात, कोरडे करतात. एवढ्याने भागत नाही. मऊ लाकडाची काडी टोकदार तासून प्रत्येक खड्याच्या भोकात फिरवितात. काडी काळी निघाली, की पुन्हा तासतात आणि पुन्हा फिरवितात, ती पांढरी निघेपर्यंत. यातही एक खुबी आहे. पॅलेटची दोन माणके लाखेने चिकटविलेली असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून तो भाग स्पिरिटमध्ये भिजत ठेवला, की घड्याळ स्वच्छ होते खरे, पण चालत नाही. धुतल्यानंतर कोणत्याही भागाला उघड्या बोटाने शिवावयाचे नाही, सगळे चिमट्याने.

आता तेल. आमच्या चाचांपाशी तीन लहान वाट्या होत्या, झाकण असलेल्या. त्या पाहून आम्ही विचारले, “चाचा, घड्याळ एक आणि तेले तीन?” त्याचे कारण मघाच सांगितलेल्या वेगात आहे. सहा तासांत एक फेरा करणारी डबी आणि मिनिटाला दहा फेरे करणारे एस्केप चाक यांच्या वेगांत काही हजार पटींचे अंतर. जेथे वेग कमी आणि दाब मोठा, तेथे पातळ तेल दाबाने बाजूला सरते. तेथे दाट तेल किंवा ग्रीस पाहिजे. जेथे वेग मोठा आणि ताकद नाममात्र, तेथे दाट तेल म्हणजे चिखलात पाय. तेथे पातळ तेलच हवे. म्हणून मुख्य कमानीला आणि किल्लीच्या दांडीशी घासणाऱ्या भागांना ग्रीसचा हलका हात. डबीच्या आसाला आणि मधल्या चाकाला दाट तेल. चौथ्या चाकाला, एस्केप चाकाला आणि बॅलन्सला पातळ तेल. तिसऱ्या चाकाला दाट द्यावे की पातळ, याबाबत कारखान्या-कारखान्यांच्या सूचना वेगळ्या असतात.

तेल द्यावयाचे साधन म्हणजे तारेएवढी बारीक सळी. तिचे टोक चपटे केलेले असते. ती वाटीतल्या तेलात जेमतेम बुडवून काढली, की टोकावर दिसेल न दिसेल एवढा तेलाचा कण राहतो. तो आसाच्या कडेला टेकविला, की अरुंद फट त्याला स्वतःच आत ओढून घेते आणि आसाभोवती तेलाचे चकचकीत कडे उमटते. बॅलन्सच्या आसाची रीत थोडी निराळी. तेथे एक भोकाचा खडा आणि त्यावर टोपीसारखा दुसरा सपाट खडा असतो. आसाचे टोक या सपाट खड्याला टेकते. सपाट खडा काढून त्याच्या मधोमध तेलाचा एक टिपका ठेवतात आणि तो खडा परत बसवितात. दोन खड्यांमधल्या फटीत तेलाचे गोल वर्तुळ तयार होते. ते मध्यभागी राहिले तर काम साधले. कडेला टेकले तर पुन्हा धुणे आले. पॅलेटच्या नखांना एस्केप चाकाचे दाते घासतात, तेथे एक सूक्ष्म कण. चाक थोडे पुढे सरकले, की दातेच तो आपापसांत वाटून घेतात.

आणि आता कोठे घालावयाचे नाही ते ऐका, कारण खरी परीक्षा येथे आहे. चाकांच्या दात्यांना तेल नाही. सायकलची सवय असलेल्या माणसाला हे पटत नाही. पण हे दाते एकमेकांवर घासण्यापेक्षा लोळत जातात, त्यांना तेलाची गरज नसते, आणि तेल लागलेच तर धूळ धरून त्यांत चिखल होतो. पॅलेटच्या आसाला सामान्यतः तेल नाही. तो पूर्ण फिरत नाही, केवळ थरथरल्यासारखा हलतो, आणि तेवढ्या हालचालीला तेलाचा चिकटपणाच जड होतो. आणि हेअरस्प्रिंगला, जिला आपले कारागीर बालकमानी म्हणतात, तिला तर तेलाचा वासही लागता कामा नये. बॅलन्सला मागे-पुढे खेचणारी ही केसासारखी नागमोड. तिची लांबी हीच घड्याळाच्या वेळेचे माप. तेलाने तिचे दोन वेढे एकमेकांना चिकटले, की कामाची लांबी कमी होते, झोके भराभर पडतात आणि घड्याळ वेड्यासारखे पुढे धावते. वडिलांचे घड्याळ तासाला वीस मिनिटे का धावत होते, याचा उलगडा आम्हांला येथे झाला. आमच्या तेलाने त्याला तरुण केले नव्हते. त्याच्या बालकमानीचे पाय बांधले होते.

तेल ही घड्याळज्यांची जुनी डोकेदुखी आहे. पूर्वी ऑलिव्हचे तेल वापरीत; ते काही काळाने घट्ट होई, आंबट होई आणि पितळ हिरवे करी. इंग्लंडमध्ये जॉन हॅरिसन हा सुताराचा मुलगा इतका कंटाळला, की त्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लाकडी घड्याळे करताना अंगचेच तेल असलेले लिग्नम व्हायटी नावाचे लाकूड आसांच्या जागी वापरले आणि बाहेरचे तेल रजा देऊन टाकले. पण त्याच हॅरिसनने १७५९ साली जहाजावर नेण्यासाठी मोठ्या खिशातल्या घड्याळाएवढे यंत्र पुरे केले, तेव्हा त्यालाही खड्यांचा आणि तेलाचा आश्रय घ्यावा लागला. लहान यंत्राला तेलावाचून गत्यंतर नाही, हे असे सिद्ध झाले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील न्यू बेडफर्डच्या विल्यम नाय याने पॉरपॉइज आणि काळा देवमासा यांच्या जबड्यातून काढलेले तेल जगभर पोचविले. ते थंडीत गोठत नसे. विसाव्या शतकात कृत्रिम तेले आली, आणि खड्यांभोवती तेल पसरू नये म्हणून लावावयाचा एपिलाम नावाचा अदृश्य लेपही आला. मोबियससारख्या स्विस कंपनीची क्रमांक दिलेली तेले आज कुशल घड्याळज्याच्या मेजावर दिसतात. तेल सुधारले, पण किती आणि कोठे, हा प्रश्न मात्र अजूनही माणसाच्या हातातच आहे.

आपल्या शहराने या प्रश्नात आणखी एक भर घातली आहे, ती धुळीची. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पलीकडे जातो. उष्णतेने तेल पातळ होते आणि त्याला पसरावयास निमित्त मिळते. वर वाऱ्याबरोबर धूळ. जुन्या घड्याळाच्या किल्लीच्या दांडीपाशी बारीक फट असते. तेथून धूळ आत शिरते आणि तेलात मिसळते. मग त्या तेलाचे वंगण राहत नाही, पॉलिशकामाची पूड होते. धुळीचे कठीण कण मऊ पितळेत रुतून बसतात आणि फिरणाऱ्या पोलादी आसाला कानशीप्रमाणे घासतात. पितळ मऊ असून शाबूत राहते आणि पोलाद झिजते! म्हणूनच भर मे महिन्यात चाचा पंखा बंद करून, घामाने निथळत, काचेच्या पेटीआड काम करीत होते. आम्ही पंखा लावा म्हणालो, तर त्यांनी नुसते वाटीवरचे झाकण दाखविले.

घड्याळाचा स्वभाव असा घातकी, की तेल सुकले म्हणून ते लगेच थांबत नाही. मोटार तेलाविना चालविली तर ती आवाज करते, तापते, ओरडते. घड्याळ मुकाट्याने चालत राहते. नीट तेल दिलेल्या घड्याळाचा बॅलन्स पूर्ण किल्ली दिल्यावर एका बाजूला साधारण २७० ते ३०० अंशांचा झोका घेतो. तेल सुकत गेले की झोका आखूड होतो, घड्याळ दिवसाला मिनिट-दोन मिनिटे चुकू लागते. आपण काटे सरकवून घेतो आणि समाधान मानतो. दिवसात १,४४० मिनिटे. त्यांत एक चुकले तर आपल्याला त्याचे काय! पण तेवढ्या काळात आत कोरडा आस खड्यावर घासून झिजत असतो. धुऊन नवे तेल देता येते. झिजलेला आस धुऊन भरून येत नाही. तो बदलावा लागतो, आणि बदलावयास मिळाला तर. एच. एम. टी. चा घड्याळ विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत मंजुरी दिली; त्यानंतर या घड्याळांचे सुटे भाग म्हणजे दुसऱ्या मेलेल्या घड्याळाचे अवयव, अशीच बहुधा स्थिती आहे.

सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे १९६९ साली जपानच्या सेको कंपनीने बाजारात आणली, आणि पुढे ती स्वस्त होत गेली तसे घड्याळज्याचे काम सेल बदलण्यापुरते उरले. आता तर खिशातला फोनच वेळ सांगतो. तेव्हा किल्लीचे घड्याळ टिकावे ते वेळ पाहण्यासाठी नव्हे, हे आम्ही मान्य करतो. ते टिकावे, कारण ते कोणाच्या तरी मनगटावरून आपल्याकडे आले आहे. आणि ते टिकवावयाचे, तर ते तेल कोठे लावावे हे ज्याला ठाऊक आहे असा हात टिकला पाहिजे. येथे एक कटू गोष्ट बोलून टाकतो. आपण घड्याळ परत घेताना म्हणतो, “काय केलेत? नुसते तेल तर टाकले!” आणि पैशांत घासाघीस करतो. त्या ‘नुसत्या तेला’मागे शंभराच्या आसपास भाग सुटे करणे, धुणे, काडी पांढरी निघेपर्यंत भोके साफ करणे, आणि डोळ्याला न दिसणारे दहा-पंधरा कण नेमक्या जागी ठेवणे, एवढे असते. जो कारागीर झाकण उघडून एक थेंब टाकतो आणि दोन मिनिटांत घड्याळ परत देतो, तो स्वस्त पडतो. आणि आपल्या घासाघिशीने आपण त्यालाच जगवितो, दुसऱ्याला दुकान बंद करावयास लावतो.

तेव्हा घरी जाऊन तो डबा उघडाल, तर एवढे करा. बंद घड्याळाला जोराने किल्ली देऊ नका, हलवून चालवू नका. शिवणयंत्राचे, खोबऱ्याचे, सायकलचे, कोणतेच तेल त्याला दाखवू नका. घड्याळज्याला एवढेच विचारा, की पूर्ण सुटे करून, धुऊन मग तेल देणार ना? ‘होय’ म्हणाला तर त्याला हवा तेवढा वेळ द्या, आणि मागेल ते कुरकुर न करता द्या. आणि घड्याळ नियमित वापरात असेल, तर ते चांगले चालत असले तरी चार-पाच वर्षांनी एकदा उघडून घ्या. त्याने तक्रार केली नाही म्हणून त्याला दुखणे नाही असे समजू नका.

आमच्या वडिलांचे घड्याळ चाचांनी तीन आठवड्यांनी परत दिले. बालकमानी सुटी झाली, पण बॅलन्सचा एक आस झिजला होता, तो त्यांनी कोठून तरी जुळवून आणला. आता ते दिवसाला अर्धे मिनिट मागे पडते. चाचा म्हणाले, यापेक्षा जास्त यायचे नाही साहेब, त्याला थोडा घाव लागला आहे. तो घाव आमच्या हातचा, हे आम्ही जाणतो. रोज सकाळी किल्ली देताना काटे अर्धे मिनिट पुढे सरकवितो, तेव्हा त्या एका थेंबाची आठवण होते. आपल्या घरच्या घड्याळावर तशी पाळी येऊ नये, एवढ्याचसाठी आजचा हा खटाटोप.